वाचकांचे प्रश्न : ‘पास’ झाली म्हणजे नक्की कोणत्या कर्नलवर झाली?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर होती. लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) चाचण्या एका प्रोसेसरच्या यंत्रावर बिल्ड करायच्या आणि दुसऱ्या प्रोसेसरवर चालवायच्या, हा तो विषय. अशा बिल्डला क्रॉस-कंपाइल म्हणतात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टंकताना ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टंकावीत. व्हेरिएबलची नावे मोठ्या अक्षरांत असतात.

प्रश्न : माझा लॅपटॉप एक्स८६ आहे, बोर्ड आर्म६४. कर्नलमधल्या केसेल्फटेस्ट (कर्नलच्या सोर्ससोबत येणाऱ्या चाचण्या) क्रॉस-कंपाइल केल्या. ‘मेक’ (बिल्ड करणारी आज्ञा) कोणतीही तक्रार न करता संपले, पण बोर्डवर नेल्यावर मेमरीच्या निम्म्या चाचण्या फोल्डरमध्येच नाहीत. कुठे गेल्या? (पुणे)

त्या बिल्डच झाल्या नाहीत, आणि ‘मेक’ने ते तुम्हाला सांगितले नाही. टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स या फोल्डरमधली मुख्य मेकफाइल एकेका गटात जाऊन बिल्ड करते आणि प्रत्येक गटाच्या निकालाच्या आकड्यांचा गुणाकार करत जाते. यशस्वी गटाचा आकडा शून्य असतो. त्यामुळे वीस गटांपैकी एकोणीस पडले आणि एक तरला, तरी गुणाकार शून्यच येतो आणि ‘मेक’ यशस्वी ठरते. एखादी लायब्ररी नसली म्हणून सगळेच अडून राहू नये, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बिल्ड करणाऱ्याला मात्र हाच हेतू महागात पडतो. आज्ञेत ‘फोर्स_टार्गेट्स=१’ घाला. एक गट जरी पडला तरी बिल्ड तिथेच थांबेल आणि खरी चूक समोर येईल.

आता क्रम. आर्किटेक्चर बदलले की बिल्डचे फोल्डरही वेगळे घ्या, म्हणजे ‘मेक’ला ‘ओ=’ने आर्म६४ साठी एक जागा द्या आणि एक्स८६ साठी दुसरी. मूळ सोर्सच्या फोल्डरमध्ये आधी कधी बिल्ड केले असेल, तर ‘सोर्स ट्री स्वच्छ नाही, एमआरप्रॉपर चालवा’ असा संदेश येतो. तेव्हा एकदा ‘मेक एमआरप्रॉपर’ करून टाका.

मग ‘मेक ओ=… आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-ग्नू- हेडर्स’. शेवटचा आडवा डॅश विसरू नका. तो उपसर्गाचाच भाग आहे. तो गळला की ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नूजीसीसी’ नावाचा कंपायलर शोधला जातो आणि तसा कोणी नसतो. ‘हेडर्स’ची पायरी गाळली की चाचण्या लॅपटॉपच्या यूएसआर/इन्क्लुडमधल्या जुन्या हेडरवर बिल्ड होतात. मग एखादी नवी सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) ‘अघोषित’ म्हणून अडते. त्याहून वाईट म्हणजे, चाचणीतल्या ‘इफडेफ’मुळे तो भागच गुपचूप वगळला जातो.

त्यानंतर तीच आर्च, तोच उपसर्ग, ‘टार्गेट्स=’मध्ये हव्या त्या गटांची नावे (सुरुवातीला ‘टायमर्स’ आणि मेमरीचा ‘एमएम’ पुरेत), फोर्स_टार्गेट्स=१ आणि ‘केसेल्फटेस्ट-इन्स्टॉल’. ‘केएसएफटी_इन्स्टॉल_पाथ’मध्ये ज्या फोल्डरचा पत्ता द्याल तो फोल्डर जसाच्या तसा बोर्डवर न्यायचा आणि तिथे रन_केसेल्फटेस्ट चालवायचे. त्याला ‘-एल’ दिला की हाती आलेल्या चाचण्यांची यादी मिळते. ही यादी लॅपटॉपवरच्या एक्स८६ बिल्डच्या यादीशी ‘डिफ’ने ताडून बघा. एक्स८६ च्या खास चाचण्या सोडून जे फरक उरतील, ते तुमचे हरवलेले.

‘एमएम’मधल्या चाचण्या गळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लायब्ररी. लॅपटॉपवर लिबकॅप आणि लिबन्यूमा आहेत, पण एक्स८६ च्या. डेबियन किंवा उबुंटूवर ‘डीपीकेजी --अॅड-आर्किटेक्चर आर्म६४’ करा, अपडेट करा आणि मग लिबकॅप-डेव्ह आणि लिबन्यूमा-डेव्ह या पॅकेजांच्या नावापुढे ‘:आर्म६४’ लावून घाला. उबुंटूवर इथे ४०४ ची रांग लागते, कारण आर्म६४ ची पॅकेजे मुख्य आर्काइव्हवर नसतात, ‘पोर्ट्स’ सर्व्हरवर असतात. सोर्स-यादीतल्या जुन्या ओळींना ‘आर्च=एएमडी६४’ अशी मर्यादा घालून पोर्ट्सची वेगळी ओळ जोडावी लागते. पीकेजी-कॉन्फिग वापरणाऱ्या गटांसाठी ‘पीकेजी_कॉन्फिग=एआर्च६४-लिनक्स-ग्नू-पीकेजी-कॉन्फिग’ हेही द्या. नाहीतर तो लॅपटॉपच्या लायब्रऱ्यांचे पत्ते देत बसतो.

बोर्डवर नेण्याआधी एका चाचणीवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. उत्तरात ‘आर्म एआर्च६४’ दिसले पाहिजे. हे दोन सेकंदांचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : कर्नल.ऑर्गवरून घेतलेला क्रॉस-कंपायलर कर्नल छान बिल्ड करतो, पण त्याच कंपायलरला सेल्फटेस्ट दिल्या की ‘एसटीडीआयओ.एच सापडत नाही’ म्हणतो. कंपायलर बिघडला आहे का? (नाशिक)

नाही, तो तसाच बनवलेला आहे. तिथले कंपायलर फक्त कर्नल बिल्ड करण्यासाठी आहेत. कर्नलला सी-लायब्ररी लागत नाही, म्हणून त्यांच्यासोबत जीलिबसी येत नाही. कर्नल आणि केयुनिट (ज्याच्या चाचण्या कर्नलच्या आतच चालतात) यांना तो पुरतो. सेल्फटेस्ट मात्र बहुतांशी साधे यूजरस्पेस (कर्नलबाहेर चालणारे) प्रोग्रॅम असतात, त्यांना लायब्ररी हवीच. डेबियनचे ‘क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४’ घ्या. त्यात कंपायलर आणि लक्ष्य प्रोसेसरची जीलिबसी दोन्ही येतात. क्लँग हा कंपायलर वापरत असाल तर ‘एलएलव्हीएम=१’ आणि आर्च एवढ्यावर कर्नल बिल्ड होतो. ५.१५ पासून उपसर्गही द्यावा लागत नाही. पण लायब्ररीची गरज क्लँगलाही तितकीच आहे. एकच क्लँग सगळ्या प्रोसेसरांचा कोड काढतो म्हणून सगळ्या प्रोसेसरांची लायब्ररी त्याच्या पोटात असते असे नाही.

आणखी एक अडचण इथेच सांगून ठेवतो, कारण ती हमखास येते. एक्स८६ च्या काही सेल्फटेस्ट ३२-बिटमध्येही बिल्ड होतात आणि त्यासाठी ‘जीसीसी-मल्टिलिब’ लागते. डेबियन-उबुंटूवर ते पॅकेज आणि ‘जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-ग्नू’ एकत्र नांदत नाहीत. एक घातले की दुसरे काढले जाते. काल चालणारी बिल्ड आज ‘कंपायलर नाही’ म्हणत असेल, तर आधी एपीटीची नोंदवही बघा. याला खात्रीचा उपाय: प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळा कंटेनर. लिनारोचे टक्समेक हेच काम तयार कंटेनर वापरून करते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बोर्ड घेण्याइतके पैसे नाहीत. तरीही रिस्क-फाइव्ह आणि आर्म६४ वर कर्नलच्या चाचण्या शिकता येतील का? (नांदेड)

नक्की येतील, आणि सुरुवात केयुनिटनेच करा. ५.५ या आवृत्तीपासून (जानेवारी २०२०) ते मुख्य कर्नलमध्ये आहे. टूल्स/टेस्टिंग/केयुनिट फोल्डरमधली केयुनिट.पाय ही स्क्रिप्ट कर्नलचा कॉन्फिग बनवते, कर्नल बिल्ड करते, तो चालवते आणि निकाल वाचून रंगीत यादी देते.

नुसते ‘केयुनिट.पाय रन’ म्हटले तर ती यूजर-मोड लिनक्स वापरते. म्हणजे कर्नल तुमच्या लॅपटॉपवर एक साधा प्रोग्रॅम म्हणून चालतो. हे फार वेगवान असते, पण मर्यादा तीन आहेत. एक, यूजर-मोड लिनक्स एक्स८६ यंत्रावरच चालतो. आर्मचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप असेल तर ती वाट बंद. दोन, तो वेगळ्या प्रोसेसरबद्दल काहीच सांगत नाही. तीन, हार्डवेअरच्या पत्त्यांवर अवलंबून असणारे बरेच ड्रायव्हर त्यात सरळपणे निवडलेच जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या चाचण्या निकालाच्या यादीतही येत नाहीत.

म्हणून दुसरी पायरी अशी: ‘केयुनिट.पाय रन --आर्च=आर्म६४ --क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-ग्नू-’. आता स्क्रिप्ट त्याच कर्नलची आर्म६४ प्रतिमा बनवून क्यूएमूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरचे यंत्र सॉफ्टवेअरने उभे करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरू करते. कोणत्या आर्किटेक्चरला क्यूएमूचे कोणते यंत्र, कोणता कन्सोल, हे क्यूएमू_कॉन्फिग्ज फोल्डरमधल्या छोट्या पायथन फाइलींत लिहिलेले असते. त्या उघडून वाचाच. एकेक फाइल पानभरसुद्धा नाही, आणि आर्म६४, रिस्क-फाइव्ह, पॉवरपीसी, एस३९० यांच्यात सुरू होतानाच काय फरक असतो तो तिथे एका नजरेत दिसतो.

रिस्क-फाइव्हला आणखी एक गोष्ट लागते: ओपनएसबीआय हे फर्मवेअर. स्क्रिप्ट त्याची फाइल यूएसआर/शेअर/क्यूएमूमध्ये शोधते आणि नसली तर तसे सांगून थांबते. काही वितरणांत ते क्यूएमूसोबत येत नाही, वेगळे पॅकेज घालावे लागते.

बिल्डचे फोल्डर आर्किटेक्चरप्रमाणे वेगळे ठेवा (‘--बिल्ड_डिर’). सगळे एकाच .केयुनिटमध्ये केले तर आर्च बदलली की दर वेळी पुन्हा पहिल्यापासून कंपाइल होते, आणि कमी मेमरीच्या लॅपटॉपवर ते फार खुपते. एखादा कॉन्फिग बदलून बघायचा असेल तर ‘--केकॉन्फिग_अॅड’ आहे. यादीऐवजी काहीच आले नाही तर ‘--रॉ_आउटपुट’ द्या आणि कर्नलचे मूळ बोलणे वाचा. कर्नल सुरूच झाला नाही की चाचणीत पडला, हे त्यावरून कळते.

प्रश्न : आर्म६४ साठी बिल्ड केलेल्या सेल्फटेस्ट मी लॅपटॉपवर ‘क्यूएमू-एआर्च६४’ने थेट चालवतो. जवळपास सगळ्या पास होतात. आर्म६४ कर्नल तपासला असे म्हणता येईल ना? (ठाणे)

नाही. तुम्ही तुमच्या लॅपटॉपचाच एक्स८६ कर्नल तपासलात.

क्यूएमूचे दोन प्रकार आहेत. ‘क्यूएमू-एआर्च६४’ हा यूजर-मोडचा. तो आर्मच्या सूचनांचे भाषांतर करतो, पण प्रोग्रॅमने सिस्टिम कॉल केली की ती बदलून लॅपटॉपच्या कर्नलकडे देतो. पेज टेबल लॅपटॉपचे, शेड्युलर लॅपटॉपचा, फाइल सिस्टिम लॅपटॉपची. चाचणी नीट बिल्ड झाली का आणि सुरू होते का, हे बघायला तो चांगला. कर्नलच्या निकालासाठी तो निरुपयोगी. बायनफएमटी_मिस्कची सोय बसवलेली असेल तर हे नकळतही घडते: आर्मचा प्रोग्रॅम नुसते नाव टंकल्यावर चालतो, आणि तो बोर्डवर चालला असे वाटत राहते. निकालाच्या फाइलीत ‘यूनेम -ए’चे उत्तर छापून ठेवायची सवय आहे ना? यूजर-मोड क्यूएमू तिथेही फसवतो. तो यंत्राचे नाव एआर्च६४ असेच सांगतो, आवृत्ती मात्र लॅपटॉपच्या कर्नलची असते. म्हणून आवृत्तीचा आकडा स्वतः बिल्ड केलेल्या कर्नलशी ताडून बघा. ‘लोकलव्हर्जन’मध्ये स्वतःची एखादी खूण घातलीत तर शंकेला जागाच उरत नाही.

तुम्हाला हवा आहे तो ‘क्यूएमू-सिस्टिम-एआर्च६४’, म्हणजे अख्खे यंत्र. त्याला ‘-एम व्हर्ट -सीपीयू मॅक्स -एसएमपी ४ -एम २जी -नोग्राफिक’ द्या (पहिला ‘एम’ मोठा, मेमरीचा लहान), ‘-कर्नल’ला आर्च/आर्म६४/बूट/इमेज आणि ‘-अपेंड’मध्ये ‘कन्सोल=टीटीवायएएमए०’. यातला प्रत्येक शब्द गरजेचा आहे. ‘-एम’ नसेल तर क्यूएमू ‘यंत्र सांगा’ म्हणून थांबतो, ते बरे. पण ‘-सीपीयू’ विसरलात तर व्हर्ट यंत्र कॉर्टेक्स-ए१५ धरते. तो ३२-बिट प्रोसेसर असल्यामुळे ६४-बिट कर्नल सुरूच होत नाही आणि पडद्यावर एक अक्षरही येत नाही. कन्सोल चुकला तरी तसाच कोरा पडदा. एक्स८६ आणि रिस्क-फाइव्हला टीटीवायएस०, आर्म६४ च्या व्हर्टला टीटीवायएएमए०, पॉवरपीसीच्या पीसिरीजला एचव्हीसी०, एस३९० ला टीटीवायएसक्लप०. जुन्या क्यूएमूत ‘मॅक्स’ फार हळू चालतो, कारण तो पॉइंटर-ऑथेंटिकेशनची खरी गणिते करतो. ‘मॅक्स,पॉथ-इम्पडेफ=ऑन’ दिले की लक्षणीय फरक पडतो.

चाचण्या इनिटरॅमएफएसमध्ये (कर्नल सुरू होताना मेमरीत येणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घालणार असाल तर स्टॅटिक बिल्ड करा: सेल्फटेस्टच्या ‘मेक’ला ‘यूजरएलडीफ्लॅग्ज=-स्टॅटिक’. ‘इनिट’ चालवता आला नाही असे सांगून कर्नल पॅनिक झाला, तर कंसातला आकडा वाचा. -२ म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल डोळ्यांसमोर असूनही -२ येत असेल तर तिचा डायनॅमिक लोडर तिथे नाही. -८ म्हणजे फाइल सापडली, पण ती या प्रोसेसरची नाही. या दोन आकड्यांत तुमची संध्याकाळ वाचते.

प्रश्न : आम्ही लिहिलेली चाचणी एक्स८६ वर दोन वर्षे पास होत आली. आर्म६४ वर ती कधी अडकून राहते, पॉवरपीसीवर कंपाइलच होत नाही, एस३९० वर चुकीचे आकडे देते. कर्नलमध्ये इतके दोष असतील? (बंगळुरू)

पत्रासोबत चाचणीचा कोड पाठवलात, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. दोष कर्नलमध्ये नाहीत. चाचणीने एक्स८६ च्या सवयी गृहीत धरल्या आहेत.

अडकणे आधी. तुमच्या कोडमध्ये ‘चार सी’ घोषित करून ‘सी = गेटऑप्ट(…)’ हे मूल्य -१ शी ताडले आहे. एक्स८६ वर नुसता ‘चार’ चिन्हासह असतो. आर्म६४, पॉवरपीसी, एस३९०, रिस्क-फाइव्ह यांवर तो बिनचिन्हाचा. गेटऑप्टने दिलेला -१ तिथे २५५ होतो, २५५ कधीच -१ नसतो, आणि लूप संपतच नाही. ‘चार’ऐवजी ‘इंट’ करा. कर्नल स्वतः ६.२ पासून सगळीकडे बिनचिन्हाचा ‘चार’ धरून बिल्ड होतो, पण यूजरस्पेसच्या चाचण्यांना तो नियम लागू नाही. चांगली बातमी अशी की ही चूक पकडायला आर्मचा बोर्ड लागत नाही. एक्स८६ वरच ‘यूजरसीफ्लॅग्ज=-एफअनसाइन्ड-चार’ देऊन बिल्ड करा, चाचणी लॅपटॉपवरच अडकेल. ‘सीफ्लॅग्ज=’ असे मात्र आज्ञेत देऊ नका. मेकफाइलने जोडलेले सगळे फ्लॅग त्याने पुसले जातात आणि भलत्याच चुका सुरू होतात.

पॉवरपीसीवरचा अडथळा ‘पीआरआयएनटीएफ’च्या %एलएलयूचा आहे. कर्नलच्या हेडरमधला ‘__यू६४’ हा एक्स८६ आणि आर्म६४ वर ‘अनसाइन्ड लाँग लाँग’ असतो, तर ६४-बिट पॉवरपीसी आणि ६४-बिट मिप्सवर यूजरस्पेसला तो ‘अनसाइन्ड लाँग’ म्हणून मिळतो. आकार तोच, प्रकार वेगळा. कंपायलर इशारा देतो आणि तुमच्या मेकफाइलमध्ये -डब्ल्यूएरर असल्याने तो इशारा चूक ठरतो. फाइलीच्या अगदी वर, पहिल्या इन्क्लुडच्याही आधी, ‘__सेन_यूजरस्पेस_टाइप्स__’ डिफाइन करा. खाली लिहिले तर काही उपयोग नाही, कारण तोवर प्रकार ठरून गेलेला असतो.

एस३९० बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा सर्वात वरचा बाइट आधी ठेवतो. तुम्ही ‘इंट’ व्हेरिएबल शून्य करून त्याच्या पत्त्यावर फाइलीतून एकच बाइट वाचता. लिटल-एंडियनवर तो बाइट सर्वात खालच्या जागी पडतो, म्हणून १ चा १ च राहतो. बिग-एंडियनवर तो सर्वात वरच्या जागी पडतो आणि १ चा १,६७,७७,२१६ होतो. अहवालात तुम्ही ‘कर्नलने कचरा दिला’ म्हटलेला आकडा नेमका हाच आहे. वाचायला एका बाइटचे व्हेरिएबल घ्या.

पानाचा आकार, म्हणजे पेज-साइझ, ही पुढची गोष्ट. तुमच्या कोडमध्ये ४०९६ अकरा ठिकाणी लिहिला आहे. आर्म६४ कर्नल ४, १६ किंवा ६४ केबी अशा तीन पानांवर बिल्ड होतो. पॉवरपीसीची ६४-बिट वितरणे सहसा ६४ केबीची असतात. अॅपलच्या एम-मालिकेवर चालणारे ‘असाही लिनक्स’ हे वितरण १६ केबीचे. ६४ केबीच्या कर्नलवर एममॅपला ४०९६ चा ऑफसेट दिला की ईइनव्हॅल (अवैध मूल्य) येतो. एमप्रोटेक्टला ४०९६ लांबी दिली तर चूक येत नाही, पण संरक्षण पूर्ण ६४ केबीवर बसते आणि शेजारचा डेटा लिहिताना प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन पडतो. हा दुसरा प्रकार शोधायला कठीण, कारण प्रोग्रॅम पडतो ती जागा आणि चुकीची जागा वेगळी असते. ‘सिसकॉन्फ’ने पानाचा आकार विचारा. मोठी पाने वापरत असाल तर २ एमबीही गृहीत धरू नका. आर्म६४ वर मूळ पान १६ केबी असेल तर मोठे पान ३२ एमबीचे, ६४ केबी असेल तर ५१२ एमबीचे होते. एक जीबी मेमरी दिलेल्या क्यूएमूत ५१२ एमबीची दोन पाने मागणारी चाचणी कशी पास होणार?

शेवटी सिस्टिम कॉलचे आकडे. हे आम्हाला सर्वात गंभीर वाटते, कारण इथे चाचणी नापास होत नाही, वगळली जाते. तुमच्या कोडमध्ये हेडरला मेमएफडी_क्रिएट माहीत नसेल तर ३१९ धरा, असे लिहिले आहे. ३१९ हा एक्स८६-६४ चा आकडा. आर्म६४ वर आणि रिस्क-फाइव्हवर तो २७९ आहे, आणि ३१९ तिथे कोणालाच दिलेला नाही. कर्नल ईनोसिस (अशी कॉल नाही) सांगतो, चाचणी ‘या कर्नलमध्ये ही सोय नाही’ असे समजून स्किप होते, अहवाल हिरवा राहतो. ४२४ पासून पुढच्या नव्या कॉलना (४२४ म्हणजे पिडएफडी_सेंड_सिग्नल, ४३५ क्लोन३, ४३७ ओपनएट२) बहुतेक आर्किटेक्चरांवर एकच आकडा दिला जातो, पण अल्फावर त्यात ११० मिळवावे लागतात आणि मिप्सवर मोजणीची सुरुवातच हजारांनी पुढे सरकवलेली असते. आकडा हाताने लिहायची गरज पडतेय म्हणजे ‘मेक हेडर्स’ची पायरी चुकली आहे, असेच धरा.

प्रश्न : दोन थ्रेडमधल्या फ्लॅगची चाचणी क्यूएमूच्या आर्म६४ वर हजार वेळा चालवली, एकदाही पडली नाही. खऱ्या बोर्डवर दिवसातून एकदा पडते. बोर्ड खराब आहे का? (पुणे)

बोर्ड खरे सांगतोय. एक थ्रेड आधी डेटा लिहितो, मग फ्लॅग १ करतो. दुसरा फ्लॅग १ होईपर्यंत थांबून डेटा वाचतो. एक्स८६ प्रोसेसर दोन लिखाणांचा क्रम इतरांना उलटा दिसू देत नाही, दोन वाचनांचाही नाही. आर्मला दोन्ही उलटवायची मुभा आहे. तुमच्या चाचणीत मेमरी-बॅरिअर (क्रम पक्का करणारी सूचना) नाही, त्यामुळे ती आर्मवर कधीतरी पडणारच.

मग क्यूएमूत का पडली नाही? कारण एक्स८६ लॅपटॉपवर क्यूएमू आर्मच्या लोड-स्टोअरचे भाषांतर एक्स८६ च्या लोड-स्टोअरमध्ये करतो, आणि ते एक्स८६ चा कडक क्रम पाळतात. पाहुणा आर्म असला तरी क्रमाची शिस्त यजमानाची. हजाराऐवजी कोटी वेळा चालवा, हा दोष तिथे दिसणार नाही. त्यातून ‘-एसएमपी’ दिला नसेल तर क्यूएमूत प्रोसेसर एकच असतो, म्हणजे खऱ्या अर्थाने दोन थ्रेड एकाच वेळी चाललेच नाहीत.

दुरुस्ती: कर्नलच्या आत असाल तर फ्लॅग लिहिताना एसएमपी_स्टोअर_रिलीज, वाचताना एसएमपी_लोड_अॅक्वायर. नुसते राइट_वन्स आणि रीड_वन्स कंपायलरला आवरतात, प्रोसेसरला नाही. यूजरस्पेसमध्ये ‘__अॅटॉमिक’ कुटुंबातली रिलीज-अॅक्वायर रूपे. ‘व्होलटाइल’ने हे काम होत नाही, कितीही जुन्या कोडमध्ये तसे दिसले तरी.

बोर्ड नसतानाही दोन साधने उपयोगी पडतात. केसीसॅन या थ्रेडांमधल्या शर्यती शोधणाऱ्या कर्नलच्या साधनाचा ‘वीक_मेमरी’ पर्याय (५.१७ पासून) एक्स८६ वर चालूनही कर्नल कोडमधल्या काही गळालेल्या बॅरिअर दाखवतो. आणि टूल्स/मेमरी-मॉडेल फोल्डरमध्ये लहान लिटमस चाचण्या आहेत. तुमचा प्रसंग दहा ओळींत त्या रूपात लिहून हर्ड७ या प्रोग्रॅमला दिलात, तर तो सगळे शक्य क्रम तपासून ‘नेव्हर’ की ‘समटाइम्स’ हे सांगतो. हर्ड७ ‘समटाइम्स’ म्हणाला तर बोर्डवर दिवस घालवू नका, आधी कोड सुधारा.

प्रश्न : क्यूएमूत काही चाचण्या ४५ सेकंदांनी ‘नॉट ओके’ होतात. कर्नल हँग होतो का? (सोलापूर)

बहुधा नाही. केसेल्फटेस्टची चालवणारी स्क्रिप्ट प्रत्येक चाचणीला ४५ सेकंद देते, आणि दुसऱ्या प्रोसेसरचे भाषांतर करताना क्यूएमू खूप मंद असतो. ओळीच्या शेवटी ‘टाइमआउट’ लिहिले आहे का ते बघा. असेल तर रन_केसेल्फटेस्टला ‘-ओ ३००’ द्या, किंवा त्या गटाच्या ‘सेटिंग्ज’ फाइलीत टाइमआउट वाढवा. वेळ मोजणाऱ्या चाचण्या क्यूएमूत पडल्या तर मात्र त्यावर विश्वास ठेवू नका. त्यांना खरे यंत्र हवे. निकालाचे आकडेही ध्यानात ठेवा: ० पास, १ नापास, ४ स्किप.

प्रश्न : सीआयसाठी (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या बिल्ड आणि चाचण्यांसाठी) एकच सर्व्हर आहे. सगळी आर्किटेक्चर परवडत नाहीत. कोणती निवडावीत? (हैदराबाद)

नावांवरून निवडू नका, फरकांवरून निवडा. एक्स८६-६४ केव्हीएमवर (सूचनांचे भाषांतर न करता थेट प्रोसेसरवर यंत्र चालवणारी सोय) चालू द्या, तो वेगवान आहे आणि मुख्य ओझे तोच उचलेल. दुसरा आर्म६४, पण ६४ केबी पानांचा कॉन्फिग लावून आणि ‘-सीपीयू मॅक्स’वर. पानाच्या आणि ‘चार’च्या चुका एकाच फेरीत पकडल्या जातात. तिसरा एस३९०, बिग-एंडियनसाठी. चौथा ३२-बिट आर्म, कारण ‘लाँग’ चार बाइटांचा झाला की पॉइंटर आणि ऑफसेटच्या वेगळ्याच चुका बाहेर येतात. रिस्क-फाइव्ह या यादीत पाचवा. तुमचे उत्पादन त्यावर असेल तर अर्थातच तो पहिला.

एस३९० आणि ३२-बिट आर्मवर रोज फक्त केयुनिट चालवा, सेल्फटेस्टचे मोजके गट आठवड्यातून एकदा. प्रत्येक गटाच्या फोल्डरमधली ‘कॉन्फिग’ फाइल ‘मेक केसेल्फटेस्ट-मर्ज’ने कर्नलच्या कॉन्फिगमध्ये मिसळा आणि मागितलेले प्रत्येक मूल्य अंतिम कॉन्फिगमध्ये आहे का ते तपासा, नसेल तर सीआयमध्ये ती चूक म्हणून धरा. एखादा पर्याय त्या आर्किटेक्चरवर नसला की तो गुपचूप गळतो आणि त्याची चाचणी स्किप होते. बीपीएफचा (कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा) गट ‘स्किप_टार्गेट्स’मुळे आपोआप वगळलेला असतो. तो हवा असेल तर नवा क्लँग आणि पाहोल हे साधन लागेल. त्याची क्रॉस-बिल्ड हे स्वतंत्र काम आहे, पहिल्याच महिन्यात त्याच्या मागे लागू नका.

आणि सीआयच्या पानावर पास-नापासच्या शेजारी स्किपचा आकडा आर्किटेक्चरप्रमाणे छापा. काल आर्म६४ वर बारा स्किप होते आणि आज एकतीस झाले, तर ती बिल्ड लाल समजून कोणीतरी लगेच बघितले पाहिजे.